चालत्या पायाचे माप

‘ताण’ हा शब्द आमच्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी नित्य असतो : कर्जाचा ताण, परीक्षेचा ताण, घरातील आजारपणाचा ताण. धातूलाही ताण असतो आणि तो कसोशीने मोजावा लागतो, हे एका आजाऱ्याच्या निमित्ताने माझ्या वाचनात आले.

अरुंद झालेली धमनी खुली राहावी म्हणून डॉक्टर तिच्यात ‘स्टेंट’ नावाची जाळीदार नळी बसवितात. पायासाठी ती बहुधा निटिनॉल या निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते; दाबली तरी पुन्हा मूळ आकार धारण करते. तिच्या केसासारख्या बारीक दांड्यांवरील ताणाचे गणित प्रथम संगणकावर मांडतात. मग खरी नळी लवचीक नलिकेत बसवून, ३७ अंश तापमानाच्या सलाईनमध्ये, सुमारे ४० कोटी वेळा नाडीसारखी फुगवतात व आकसवतात. हृदयाचे दहा वर्षांचे ठोके साधारण इतकेच भरतात. अशी दांडी सहसा एका मोठ्या घावाने तुटत नाही. वळणाच्या कोपऱ्यात सूक्ष्म चीर पडते आणि लहान लहान हिसक्यांनी ती वाढत जाते.

तरीही हे माप अपुरे ठरले. २००५ साली जर्मनीतील लाइपझिगच्या डॉक्टरांनी स्टेंट बसविलेल्या १२१ पायांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४५ पायांत स्टेंट तडकलेले आढळले. मांडीतील धमनी केवळ नाडीचे ठोके सोसत नाही. चालताना, बसताना, जिना चढताना ती वाकते, पिळली जाते, आखडते आणि पुन्हा ताणली जाते. म्हणून आता वाकणे, पिळणे, आखडणे यांचीही वेगवेगळी चाचणी घेतली जाते.

आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध बागायतदारांच्या मांडीत अशी नळी बसली, तेव्हा त्यांनी मला एकच विचारले, “फादर, वाडीत उकिडवा बसता येईल ना मला?” उत्तर देणे हे डॉक्टरांचे काम, मी त्यांना तिकडेच धाडले. परंतु प्रयोगशाळेला जे उमगायला वर्षे लागली, ते त्यांच्या त्या साध्या प्रश्नात होते. नळी टिकायची ती काचेच्या पेटीत नव्हे, भाजीच्या वाफ्यात.

वाचकहो, माणसांच्या बाबतीतही आपण ठोके मोजतो आणि चाल विसरतो. आजाऱ्याला भेटताना “बरे आहे ना?” एवढ्यावर थांबू नये. दिवसभरात त्याला कोठे कोठे वाकावे लागते, हेही विचारावे.