ओल

गेल्या वर्षी आम्ही उभयता अमेरिकेत मुलाकडे गेलो असता एक जुने मोटरहोम पाहण्याचा योग आला. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले ते फिरते घर चिरंजीवांच्या मनात भरले होते. आत बिछाने, शेगडी, न्हाणी, सारे नीटनेटके. भिंतींना नुकताच रंग दिलेला. साठवलेली बरीचशी पुंजी त्यात जाणार होती. "बाबा, इंजिन उत्तम आहे," तो म्हणाला.

इंजिन आम्हांस कळत नाही. परंतु सरकारी नोकरीत इमारतींच्या पाहणीचे अहवाल पुष्कळ लिहिले. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की शंका येतेच. सोबतच्या जाणकार मित्राने रचना समजावली. बाहेर फायबरग्लासचे पातळ आवरण, आत प्लायवूड, मध्ये फोम व लाकडी चौकट, सारे चिकटवलेले. छताच्या सांध्यांतला किंवा खिडकीभोवतीचा मसाला तडकला की पाणी थेंबाथेंबाने शिरते, लाकूड कुजते, थर सुटतात. भिंतीलगत उभे राहून तिरप्या उजेडात पाहिले, तर खिडकीखाली ताटाएवढा फुगवटा. चालकाच्या डोक्यावरील बिछान्याचा कोपरा अंगठ्याने दाबला, तो आत गेला. न्हाणीच्या दाराशी जमीनही मऊ लागली. ओल मोजण्याच्या यंत्राने तेच सांगितले.

"थोडी डागडुजी करून घेतली तर?" मुलाने विचारले.

तेव्हा आम्हांस इंदूरचा आमचा वाडा आठवला. माजघराच्या भिंतीवर दर पावसाळ्यात असाच फुगवटा येई, आणि दर दिवाळीला आम्ही त्यावर चुना देत असू. वर पन्हाळ फुटली होती. काम एका दिवसाचे होते. पुढे तुळईचे भिंतीतले टोक हाताने चुरडू लागले आणि ती बाजू उतरवावी लागली. वाडा जुना झाला म्हणून पडला, असेच मुलाला आजवर ठाऊक होते. त्या दिवशी, त्या परक्या अंगणात, आम्ही त्यास खरे ते सांगितले.

त्याने किल्ली मालकाला परत केली. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, "आजीला ठाऊक होते?"

"तीच तर दर वर्षी सांगत असे," आम्ही म्हणालो.