कोरड्या धबधब्याकडे

भिवंडीजवळच्या वळ गावात मे महिना आधी पत्र्याला कळतो. सकाळी नऊलाच गोदामांची छपरं तापलेली असतात. माथाडी ओला पंचा डोक्यावर टाकून ट्रकमध्ये चढतात आणि दापोडे-माणकोलीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग हलता हलत नाही. मुंबईच्या जवळ, पण तिच्या जकात नाक्यांच्या बाहेर, अशी ही जागा. म्हणून इथल्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. अशा गावातून ऐन उन्हाळ्यात धबधब्याला निघालो, तेव्हा शेजारच्या काकांनी ओट्यावरूनच विचारलं, "पानी नाय तं तिकरं बगाचा काय?"

दगड बघायचा होता. चिंचोटीचा धबधबा पावसाळ्यात सगळ्यांनीच पाहिलेला असतो, निदान मोबाइलवर तरी. तेव्हा दिसतो तो फेस आणि गर्दी. ज्या कातळावरून ते पाणी पडतं, तो कातळ आठ महिने उघडा असतो, पण त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मला तो भाच्याला दाखवायचा होता. तो गोदामात पाळीवर जातो. जुलैतल्या एखाद्या रविवारी मित्रांच्या बाइकवर बसून तो तिकडे जाणार, हे मला ठाऊक होतं.

अंजूरफाट्यावरून खारबाव, कामण करत रस्ता चिंचोटीला मुंबई-अहमदाबाद हायवेला मिळतो. या पट्ट्याला मोठा इतिहास आहे. आमच्या शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वसईच्या मोहिमेत पेशव्यांच्या फौजेला वाट दाखवायला, माणसं जमवायला उभे राहिले. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती 1739 च्या मे महिन्यात, याच उन्हात. कामणच्या मागे कामणदुर्ग दिसतो. त्याच्यावरची पाण्याची टाकी पाहिली, की त्या काळच्या माणसांनी उन्हाळ्याचा विचार किती आधीपासून केला होता ते समजतं.

चिंचोटी सोडली की तुंगारेश्वर अभयारण्य. 2003 साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. वसईच्या खाडीअलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आहे, आणि त्याच्या आधाराने बिबटे दोन्ही जंगलांत ये-जा करतात. म्हणजे भिवंडीच्या गोदामांपासून तासाभराच्या अंतरावर बिबट्याची वहिवाट आहे, आणि ती टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते आणि मध्येच ओढा ओलांडते. पावसाळ्यात हीच ठिकाणं दगा देतात. आता तिथे नुसते गोटे. साग निष्पर्ण. पायाखाली त्याची पानं इतकी वाजत होती, की आमच्या येण्याची वर्दी पुढे गेली असणार. कुड्याला पांढरी फुलं होती, एका उतारावर बहावा पिवळाजर्द लोंबत होता. तांबट कुठेतरी एकसुरी ठोकत बसला होता. करवंदांच्या जाळीपाशी दोन आदिवासी बाया पाट्या भरत होत्या. एकीने पानाचा द्रोण भरून दिला आणि पैसे मोजून घेतल्यावर आणखी एक मूठ वर घातली. पुढे ओढ्याच्या वाळूत त्यांनीच उकरलेला डवरा होता. पाणी वीतभर, पण नितळ. आम्ही आमच्या बाटलीतलंच प्यायलो. ते पाणी त्यांचं होतं.

धबधब्यापाशी पोचलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हा तोच?" समोर काळीकभिन्न भिंत, तिच्यावर मधोमध वाळलेल्या शेवाळाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात बोटभर रुंदीची ओल. सह्याद्रीचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेले, काही टणक, काही ठिसूळ. वरचा टणक थर पाण्याला दाद देत नाही, खालचा झिजतो, आणि धबधब्याची कड तयार होते. पायथ्याच्या भिंतीला हात लावला तर पोकळ झालेल्या कपारी लागतात. पावसाळ्यात त्या पाण्याखाली असतात, दिसत नाहीत.

मग आम्ही कातळावर आडवे पडून एका रांजणखळग्यात डोकावलो. निघोजच्या कुकडीतल्या रांजणखळग्यांचं नाव मोठं. पण हा तसाच, फक्त धाकटा. काठ सुरीने कापल्यासारखा गोल. हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. कडेचा दगड गुळगुळीत, आणि एवढ्या उन्हातही थंड. तळाशी थोडं पाणी आणि त्यात सात-आठ गोल गोटे. पुरात हेच गोटे पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि खडक पोखरतात. भाच्याने एक गोटा वर काढून उन्हात धरला. त्याच्यावर एकही कोपरा उरलेला नव्हता. बराच वेळ त्याने तो हातात फिरवला आणि होता तिथे परत सोडला.

उठल्यावर त्याचं लक्ष वर गेलं. काठच्या झाडाच्या फांदीला काटक्या, सुकं गवत आणि प्लॅस्टिकची एक लांब पट्टी अडकली होती, आमच्या डोक्याच्या हातभर वर. वाऱ्याने ती तिथे गेली नव्हती. गवताची सगळी टोकं एकाच दिशेला, प्रवाहाच्या दिशेला वळलेली होती. "पाणी इथपर्यंत?" त्याने विचारलं. इथपर्यंत. डोंगरमाथ्यावर जोराची सर आली की खाली उभ्या माणसाला कळायच्या आत.

चिंचोटीच्या धबधब्याखालच्या डोहाने किती तरी पोरं घेतली आहेत. बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, भिवंडीची, सुट्टीच्या दिवशी आलेली. दर वेळी लोक म्हणतात, पोहता येत नव्हतं. पण पोहणाराही इथे बुडतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला नीट तोलून धरत नाही. पडणारं पाणी खाली ओढतं, कपारीकडे ढकलतं. शेवाळलेल्या कातळावर हात ठरत नाही. हे सगळं मे महिन्यात डोळ्यांनी दिसतं: कपार कुठे, खळगा कुठे, पाणी कुठवर चढतं. जुलैत त्यातलं काहीही दिसत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात सोळा ते पंचवीस वयाची पोरं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. वनखात्याची परवानगी घेऊन, पहाटे निघून, पाणी बरोबर घेऊन त्यांना एकदा मे महिन्यात इथे आणा. तळ दाखवा, खळग्यात हात घालायला लावा, फांदीवरचं गवत दाखवा. आणि पावसाळ्यात बंदीचा आदेश निघाला, की वाटेतूनच मागे फिरा.