तवंदीच्या उतारावरची थरथर

कोल्हापुरातून दक्षिणेकडे निघाले की उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल ही गावे एकामागून एक मागे पडत जातात. दूधगंगा ओलांडली की कोगनोळीच्या नाक्यापाशी राज्य बदलते, पाट्यांवरची अक्षरे बदलतात. शेतातला ऊस मात्र तोच राहतो. पुढे सौंदलगा, यमगर्णीजवळची वेदगंगा, मग निपाणी. निपाणीचा गजबजाट ओसरतो न ओसरतो तोच तवंदीचा घाट सुरू होतो. या घाटातच आपले स्तवनिधी क्षेत्र. दक्षिण महाराष्ट्रातील आणि बेळगाव भागातील किती घरांच्या पिढ्या या वाटेने पार्श्वनाथांच्या आणि ब्रह्मदेवाच्या दर्शनाला आल्या असतील, याची मोजदाद नाही. पूर्वी बैलगाड्या चढत, नंतर एस. टी. धापा टाकीत जाई. आता रुंद महामार्ग झाला आहे, त्यामुळे घाट लागला हेही गाडीत बसलेल्यांच्या लक्षात येत नाही. चढताना येत नाही, असे म्हणायला हवे. बेळगावकडून निपाणीच्या बाजूला उतरताना मात्र तो आपले अस्तित्व दाखवतो. अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन याच उतारावर अपघात झाले आहेत.

गेल्या माघात बेळगावचे एक लग्न आटोपून आम्ही परतत होतो. गाडीत पत्नी, धाकटी मुलगी आणि मागे उशीला टेकलेली आई. वाटेत दर्शन झाले, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले आणि घाट उतरू लागलो. पुढे लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रक होता. त्याचे लाल दिवे लागले म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि हातातले स्टिअरिंग डावी-उजवीकडे असे थरथरू लागले की जणू कोणी पलीकडून ते हिसकावून घेत आहे. पायाखालचे पेडलही ठोके देऊ लागले. पाय उचलला की सारे शांत; पुन्हा दाबला की पुन्हा तेच. गाडी थांबत होती, पण तिच्यावरचा माझा विश्वास त्या दोन-तीन मिनिटांत उडाला. दुसऱ्या गिअरमध्ये घालून, ट्रकपासून अंतर राखून, जीव मुठीत धरून निपाणी गाठली. आईला काय झाले ते कळले नव्हते. "रस्ता खराब आहे काय रे?" एवढेच तिने विचारले.

रस्ता खराब नव्हता. गाडीचे हे दुखणे आम्हाला तसे नवेही नव्हते. दिवाळीच्या आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क आणि ब्रेक पॅड नवे घातले होते. दोन-अडीच महिने गाडी लोण्यासारखी चालली, मग किंचित थरथर सुरू झाली. टायरच्या दुकानात दोनदा बॅलन्सिंग केले, अलाइनमेंट केले. थोडा फरक पडल्यासारखे वाटले आणि आपण धंद्याच्या गडबडीत विसरून जातो तसे विसरून गेलो. वर्कशॉपला फोन केला तेव्हा "डिस्क वाकली असेल, पुन्हा बदलावी लागेल" असे उत्तर मिळाले. व्यापारी माणसाला एकाच मालाचे पैसे दुसऱ्यांदा मोजताना त्रास होतो. त्यातही कारण न कळता मोजताना अधिक होतो.

आमचे घर शाहूपुरीत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. तेथून उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. पण गुळाचा व्यापारी उद्यमनगरात क्वचितच पाऊल टाकतो. खरे पाहता या दोन पेठांचे नाते जवळचे. उसाचे चरक आणि विहिरीवरची ऑइल इंजिने बिघडत. त्यांची दुरुस्ती करता करता कोल्हापूरच्या कारागिरांनी सुटे भाग घडवायला सुरुवात केली, त्यातून लेथ आले, फाउंड्र्या आल्या. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथल्या भट्ट्यांमधून बिडाचे ओतकाम देशभरातल्या वाहन कारखान्यांना जाते. गाडीची ब्रेक डिस्क हीसुद्धा बिडाचीच असते. बिडात कार्बनच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता चटकन वाहून नेतात आणि कंप जिरवतात, म्हणून पोलादाऐवजी ही साधी धातू पसंत केली जाते. थोडक्यात, ज्या दुखण्यासाठी मी टायरची दुकाने पालथी घालत होतो, त्याचे जाणकार माझ्या घरापासून दहा मिनिटांवर बसले होते.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मला नेण्यात आले, त्यांची शेड दोन गाड्या मावतील एवढीच. भिंतीला लागून जुना लेथ, वर धुळीने मळलेले कॅलेंडर. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच तपासले. "अण्णा, थरथर कवा येतीया? ब्रेक न दाबता येतीया का दाबल्यावरच? हातात जाणवतीया का बसायच्या जागेला?"

या प्रश्नांतच निम्मे निदान होते, हे नंतर कळले. ब्रेक न दाबता, ताशी ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल आणि वेग बदलला की थांबत असेल, तर संशय चाकाच्या तोलावर. तराजूला जसा पासंग असतो तसा चाकालाही असतो. रिमच्या एका बाजूला वीस ग्रॅम वजन जास्त असले, तर ताशी शंभरच्या वेगात ते सुमारे तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते, आणि तेही प्रत्येक फेरीला नव्या दिशेने. शिशाचा लहानसा तुकडा लावून तो पासंग काढणे म्हणजेच बॅलन्सिंग. रिम वाकलेली असेल किंवा टायरला फुगवटा आला असेल, तर मात्र कितीही शिसे लावून उपयोग नाही. हातात जाणवणारा कंप बहुधा पुढच्या चाकांचा. सीटमधून कमरेला जाणवणारा बहुधा मागच्यांचा. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर ही डिस्कची किंवा ड्रमची, तिचा बॅलन्सिंगशी संबंध नाही. माझ्या गाडीला थोडा पासंगही होता, तो टायरवाल्याने काढला. म्हणून फरक पडल्यासारखे वाटले आणि खरे दुखणे त्याआड लपले. (निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला असता पेडल टकटक करते, ते एबीएस यंत्रणेचे काम असते, बिघाड नव्हे. हा खुलासा मिस्त्रींनी न विचारता केला. त्या कारणाने घाबरून येणारे बरेच असावेत.)

चाक काढून त्यांनी डिस्कला नट आवळले, लोहचुंबकाच्या बैठकीवर डायल गेज बसवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवू लागले. गेजचा काटा पुढे-मागे झुलू लागला. "चौदा आऊट हाय," ते म्हणाले. म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभर भागांतले चौदा. चालण्याजोगी मर्यादा साधारण पाचाची. डोळ्यांना ती डिस्क आरशासारखी सपाट दिसत होती.

मी म्हणालो, "म्हणजे वाकली, बदलावी लागणार." त्यावर ते हसले. "ताट बदलून काय हुतंय, अण्णा? पाट बघाय नको?" डिस्क उतरवून त्यांनी मला हब दाखवला. ज्या चकतीवर डिस्क टेकते, तिच्या कडेला गंजाचे पापुद्रे तसेच होते. दिवाळीत नवी डिस्क त्या गंजावरच चढवली गेली होती. हबपाशी गंजाचा कण केसाएवढा असला, तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. अशी किंचित तिरकी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी काहीच त्रास देत नाही. ब्रेक न दाबतासुद्धा तिचा उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला हलकेच घासून जातो. ताशी ऐंशीच्या वेगात चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते. म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा घासणे. काही हजार किलोमीटरनंतर तो भाग किंचित पातळ होतो. मग ब्रेक दाबला की पॅडखालून जाड-पातळ, जाड-पातळ अशी डिस्क सरकते आणि तोच ठोका पायाला नि हाताला लागतो. 'डिस्क वाकली' असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते.

तारेच्या ब्रशने आणि पॉलिश कागदाने हब स्वच्छ होईपर्यंत अर्धा तास गेला. डिस्क पुन्हा बसवून मोजली: तीन. मग मायक्रोमीटरने जाडी पाहिली. नवी बावीस मिलिमीटर, मर्यादा वीसची आणि माझी साडेएकवीसच्या आसपास. म्हणजे लेथवर एक हलका कट घेण्याइतकी शिल्लक होती. दोन्ही डिस्क सारख्याच कातल्या, पॅडचा चकाकलेला थर काढला. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने मोजून आवळले. हवेच्या गनने एका दमात आवळले, तर एक बाजू जास्त ओढली जाते आणि डिस्कवर तिरका ताण येतो. मजुरीत जेवढे लागले, त्याच्या कित्येक पट किमतीत नव्या डिस्क आल्या असत्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा थरथरल्या असत्या.

निघताना मिस्त्रींनी घाटाविषयी चार गोष्टी सांगितल्या, त्या यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक घराने ऐकण्याजोग्या आहेत. चौघे प्रवासी आणि सामान धरून दीड टनाची गाडी दोनशे मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा नऊ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सारी डिस्कवर टाकायची की खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनावरही सोपवायची, हे चालवणाऱ्याने ठरवावे. उतार संपताच गाडी थांबवावी लागली, तर पेडल घट्ट दाबून धरू नये. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. तापलेल्या चाकांवर गार पाणी ओतू नये. आणि ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतला ओलावा पिते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. मग ऐन उतारावर पेडल स्पंजासारखे खाली जाते.

वैशाखात पुन्हा स्तवनिधीला गेलो. संकेश्वरपर्यंत काम होते, ते उरकून परतताना दर्शन घेतले आणि उतार लागला. तिसरा गिअर, पुढे पुन्हा एक ट्रक, त्याचे लाल दिवे. मी ब्रेकवर पाय ठेवला. स्टिअरिंग हातात स्थिर होते. मागच्या सीटवर आईला डुलकी लागली होती. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली आणि निपाणी येऊन गेली काय, म्हणून विचारू लागली.