घाटावरचा समुद्र

सकाळी आधी तोंड बघायचं. रंग नंतर, पसारा नंतर. जायंट कार्पेट ॲनिमोन या समुद्रफुलाच्या मधोमध एक चीर असते. ती घट्ट मिटलेली असली की चहा ठेवायला जावं. ती सैल पडून उघडी दिसली, आतलं फिकट अस्तर बाहेर लोंबायला लागलं, तर मात्र दिवसभराचे बेत बाजूला सारून टाकीपाशी बसायचं. या प्राण्याला एकच दार आहे. घास त्यातून आत जातो आणि नको ते त्यातूनच बाहेर पडतं. त्याला मेंदू नाही, रक्त नाही, आवाज नाही. काय दुखतंय ते सांगायला त्याच्याकडे एवढी एक चीर आहे, एक पाय आहे आणि अंगाचा ताठरपणा आहे. मी या तीन गोष्टी वाचायला शिकलो, आणि त्या शिकण्यात माझी कितीतरी वर्षं फार सुखात गेली.

स्टायकोडॅक्टिला जायगँटिया हे त्याचं शास्त्रीय नाव. कडेने घड्या पडलेली, अर्ध्या मीटरपर्यंत पसरू शकणारी तबकडी, आणि तिच्यावर दाटीने उगवलेली शुंडकं. ती सतत थरथरत असतात. प्रवाह मंद केला तरी थरथर थांबत नाही. पाहुणे हमखास विचारतात, खाली मोटर बसवली आहे का? माझ्याकडचं ॲनिमोन तपकिरी आहे, टोकांना जांभळट झाक. बाजारात निळ्या आणि गडद जांभळ्याला मोठा भाव आहे, पण मला हा तपकिरीच आवडतो, आणि का ते पुढे सांगतो. हात लावला तर शुंडकं इतकी चिकटतात की ओढून घेताना तुटून बोटावर राहतात. तो चिकटपणा म्हणजे एकाच वेळी सुटलेले असंख्य सूक्ष्म दंश. चिकटपणा कमी झाला, तर काहीतरी बिनसलं आहे असं समजावं.

या प्राण्याची पहिली शास्त्रीय नोंद लाल समुद्रावरची. पीटर फोर्स्काल हा लिनीअसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने 1761 मध्ये अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेत तो निसर्गअभ्यासक म्हणून होता. 1763 च्या जुलैत येमेनमध्ये तापाने तो गेला. त्याचे बहुतेक सोबती एकेक करून वाटेत संपले, आणि कार्स्टन नीबुर त्याच वर्षी जहाजाने मुंबईला पोचला. सोबतचा डॉक्टर मुंबईतच वारला. एकटा राहिलेला नीबुर घारापुरीला गेला आणि तिथल्या लेण्यांची मापं घेऊन त्याने चित्रं काढली. घरी परतल्यावर त्याने मित्राच्या नोंदी संपादित केल्या आणि 1775 मध्ये छापल्या. माझ्या टाकीतल्या जीवाचं वर्णन त्या पुस्तकात आहे. घारापुरीची त्रिमूर्ती बघताना मला आता नीबुर आठवतो. मेलेल्या मित्राचं काम पुरं करायचं आहे एवढ्या एका गोष्टीवर जगत राहिलेला माणूस.

लाल समुद्रापासून मायक्रोनेशियापर्यंत हे ॲनिमोन उथळ पाण्यात राहतं, वाळूच्या सपाटीवर, समुद्री गवतात. कित्येकदा ओहोटीला ते उघडं पडतं. मी तसं त्याला पाहिलेलं नाही, पण त्याचं भावंड हॅडनचं कार्पेट ॲनिमोन कच्छच्या आखातात नराराला पाहिलं. घोटाभर पाण्यातून चालत गेलो, आणि ते ऊन खात पसरलेलं होतं. सावली पडताच झर्रकन वाळूत ओढलं गेलं, मागे फक्त एक खळगा. पाणी कोमट लागत होतं. त्या वेळी मनात आलं, इथे हा जीव रोज तापतो, उघडा पडतो, आणि तरी टिकतो. मग घरी एका अंशाने तापमान चढलं की आपल्या जिवाची एवढी घालमेल का?

उत्तर तिथेच मिळालं. उन्हं कलायच्या आत पाणी परत यायला लागलं. गाईड घाई करायला लागला. गुडघ्याशी थंड प्रवाह लागला आणि तासाभरात ती सगळी वाळू पाण्याखाली गेली. सहा तासांच्या ओहोटीनंतर अख्खा समुद्र येऊन त्या जीवाला धुऊन काढतो, त्याचं तापमान खाली आणतो, मळ घेऊन जातो, प्राणवायू देतो. पुण्यात, माझ्या बैठकीच्या खोलीत, भरती येत नाही. ती मला आणावी लागते.

आणावी लागते म्हणजे बनवावी लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट असतं, जुन्या वळणाच्या पाइपांतून तांबं उतरलेलं असू शकतं. आणि तांब्याचा अंशही अशा जीवांना विष आहे. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध चालतं, पण ते ॲनिमोनच्या टाकीत कधीही घालू नये. म्हणून आरओ फिल्टरच्या पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनमधून पाणी काढायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत. मग त्यात मीठ. समुद्री टाकीसाठीचं, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची खनिजं मोजून घातलेली असतात. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम. रात्रभर पंप लावून ढवळत ठेवायचं, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून खिडकीकडे बघायचं. रेषा 1.025 ला आली की ते पाणी समुद्र झालं. ही रेषा बघण्याचा मला आजही कंटाळा आलेला नाही.

आणि मग उन्हाळा. एप्रिलमध्ये इथली हवा कोरडी ठक्क असते, टाकीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरतं. पाणी जातं, मीठ मागे राहतं. आमटी आटली की खारट होते, तेच. भर घालायची ती म्हणून गोड्या पाण्याची, आणि थोडीथोडी, दिवसभर, फ्लोट सेन्सर लावून. बादलीभर एकदम ओतली तर क्षारता झटक्यात पडते, आणि ॲनिमोनला हे झटकेच सोसत नाहीत. अंकांपेक्षा अंकांचं हलणं वाईट. 25 अंश चालतात, 27 चालतात. सकाळी 25 आणि दुपारी 29 चालत नाहीत. चिलर घ्यावाच लागतो. तो गरम हवा फेकतो, त्यामुळे टाकी थंड राहते आणि खोली तापते. घरच्यांनी हे वर्षानुवर्षं सोसलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

देखभालीसाठी वीज जाते त्या दिवशी इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी प्रवाहाचा पंप. दिवा नाही, चिलर नाही, पंखाही नाही. हललेलं पाणी वरून प्राणवायू घेतं. थांबलेल्या पाण्यात जीव गुदमरतो. त्या पंपांच्या तोंडांना जाळ्या हव्यात, आणि जाळीवर बारीक स्पंज. ॲनिमोन चालतं. जागा पसंत पडली नाही तर पाय सोडून रात्रीतून सरकतं, आणि पंपात ओढलं गेलं तर त्याच्या चिंधड्या होतात. एवढा मोठा दंशपेशींनी भरलेला जीव टाकीत मेला की पाणी नासतं आणि सोबत बाकीचेही जातात. नव्या टाकीत हे ॲनिमोन घालू नये, निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबावं, असं जे जाणते सांगतात ते यासाठीच. दगडांच्या छिद्रांत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजावे लागतात. ते विकत मिळतात, पण त्यांची घडी बसायला लागणारा वेळ विकत मिळत नाही.

आता तपकिरी रंगाचं. तो रंग बहुतांशी त्याचा स्वतःचा नव्हे. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली. दिव्याखाली ते साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. ताण आला, पाणी तापलं, की हे शैवाल बाहेर पडतं आणि ॲनिमोन पांढरं पडतं. दुकानात पांढरंशुभ्र किंवा पिवळंधमक कार्पेट दिसलं की लोक हरखतात. पांढरं म्हणजे उपाशी. पिवळंधमक बरेचदा रंगात बुडवलेलं. तपकिरी म्हणजे भरल्या घरचं. त्याला प्रकाश भरपूर लागतो, पण अंधारातून आलेल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण दिवा सोडू नये. आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावा.

खाणं फार लागत नाही. अधूनमधून कोलंबीचा नखाएवढा तुकडा. मोठा घास दिला तर काही वेळाने तो तसाच बाहेर टाकतं.

माझं ॲनिमोन आलं तेव्हा आजारी होतं. बहुतेक तशीच येतात. कुठल्यातरी उथळ किनाऱ्यावर वाळूतून खरवडून काढलेला पाय, मग पिशवीतला अंधार, विमानं, गोदामं. दिवसा थोडंसं फुलायचं, रात्री पार आक्रसून चिंधी व्हायची. कधीतरी एकदा आक्रसणं हा रोग नाही. अंगातलं जुनं पाणी टाकून ते नवं भरतं. पण हे रोज व्हायला लागलं, तोंड उघडं राहायला लागलं, म्हणजे आत जिवाणूंचा संसर्ग आहे असं छंदातले अनुभवी लोक मानतात, आणि त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात. वेगळ्या टाकीत, कारण मुख्य टाकीत ते घातलं तर दगडांतले कामाचे जिवाणूही मरू शकतात. औषध उजेडात विघटतं, म्हणून रात्री द्यायचं आणि सकाळी सगळं पाणी बदलून मगच दिवा लावायचा. पशुवैद्यांशी बोलून मी हेच केलं. प्रतिजैविकं सरसकट वापरू नयेत, हे माझं ठाम मत आहे. माणसांची कितीतरी प्रतिजैविकं आपण अशीच बोथट करून ठेवली आहेत. पण समोर एक जीव विरत चालला होता.

त्या रात्री मी टाकीवर काळं कापड घालून जवळच गादी टाकायचो. बघण्यासारखं काहीच नसायचं. पाणी बदलायला पहाटे उठायचं, टॉर्चच्या लाल उजेडात तोंड बघायचं. काही दिवसांनी पाणी बदलताना ते नेहमीसारखं तरंगलं नाही. पाय तळाला धरून बसला होता. मी बोटाने हलकेच कड उचलून पाहिली आणि ती सुटेना. बायकोला उठवून दाखवलं. तिनेही खाली बसून पाहिलं, आणि पुन्हा झोपायला न जाता आम्ही उजाडेपर्यंत बोलत बसलो.

त्याच्यात आता क्लाउनफिशची जोडी राहते. ती टाकीत जन्मलेली आहे, समुद्र तिने पाहिलेला नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास आपल्याकडे केव्हाच साधली. ॲनिमोन म्हणजे काय हे त्या माशांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आधी दुरून फेऱ्या, मग शेपटीचा स्पर्श, मग अंग, आणि मग ती दोघं तिथून हलेचनात. माशांच्या उत्सर्गातला अमोनिया शैवालाला खत होतो. रात्री दिवा मालवल्यावर प्राणवायूची निर्मिती थांबते. तेव्हा मासे शुंडकांच्या आत वळवळत राहतात आणि त्या हालचालीने ताजं पाणी ॲनिमोनला मिळतं. माझ्या पंपाआधी लाखो वर्षं हे काम मासेच करत आले आहेत.

मासे पैदाशीचे मिळतात. जायंट कार्पेट मात्र जवळजवळ नेहमी समुद्रातूनच उचललेलं असतं. बबल-टिप ॲनिमोन टाकीत स्वतःचे दोन भाग करतं, छंदातले लोक ते एकमेकांना वाटतात. कार्पेट असं सहसा करत नाही. म्हणून कुणी विचारलं तर मी आधी बबल-टिप घ्या म्हणतो, आणि पुष्कळांना तिथेच थांबा म्हणतो. काढून नेलेल्या मोठ्या ॲनिमोनच्या जागी दुसरं वाढायला फार काळ लागतो, आणि त्यातले मासे उघड्यावर पडतात.

शिवाय आयुष्याचा प्रश्न आहे. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून एक साधंसं लालसर समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं. चिलर नाही, दिवा नाही. फक्त ताजं समुद्राचं पाणी, पुन्हा पुन्हा. डॅलियल 1851 मध्ये गेले. ‘ग्रॅनी’ नावाने ओळखलं जाणारं ते समुद्रफूल एकाकडून दुसऱ्याकडे जात 1887 पर्यंत जगलं. माणसं बदलली, पाणी बदलणं चुकलं नाही. म्हातारपण म्हणतात ते या जीवांत ठळक दिसत नाही. सांभाळलं तर ती आपल्या मागे उरू शकतात.

मी साठीच्या पुढे आहे. गेल्या पावसाळ्यात भाचीला बसवून सगळं लिहून दिलं: मिठाचं प्रमाण, अल्कलिनिटीची चाचणी, कुठली फ्यूज उडाली तर काय बंद पडतं, जाळ्यांवरचा स्पंज कधी धुवायचा. ती रसायनशास्त्र शिकते, त्यामुळे माझ्यापेक्षा नीट मोजते. परवा आली ती थेट टाकीपाशी गेली, आणि विचारलं, “मामा, अल्कलिनिटी मंगळवारपेक्षा पॉइंट चारने खाली आहे. तू बघितलंस का?” मी बघितलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ती सावरणाऱ्या द्रावणाचा डोस वाढवला. वहीत एक अटही लिहून ठेवली आहे, आणि तिने तिच्याखाली सही केली आहे: तिला जमेनासं झालं तर ॲनिमोन विकायचं नाही, जो पाण्याची वही रोज लिहितो अशाच माणसाला द्यायचं, मासे सोबत.