परातीएवढा वड

ठाण्याच्या मावशीच्या गॅलरीत परातीएवढ्या उथळ कुंडीत एक वड होता. वटपौर्णिमेला मजल्यावरच्या बायका तिथंच जमायच्या. फेऱ्या घालायला जागा नाही, म्हणून उभ्या उभ्याच सूत गुंडाळायच्या. दुपारपर्यंत खोड सुतात गडप. आजीला हे मुळीच पटत नसे. "वडाला असं डांबून ठेवतात का गं?"

एका मे महिन्यात मावशी गावी गेली आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. क्रिकेटच्या नादात मी चार दिवस विसरलो. वड वाळला. मावशी एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं. पुढे बोन्साय हा शब्द मी फक्त खुरटलेल्या माणसांसाठी वापरला. आपल्याकडे वापरतातच.

तीसेक वर्षांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग संग्रहालयात कॅमेरा लावून उभा होतो. शाळकरी मुलांसाठी व्हिडिओ करायचे होते. समोर यामाकी घराण्याचा पाइन, १६२५ पासून जोपासलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात बॉम्ब पडला तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर, रोपवाटिकेच्या उंच भिंतीआड हे झाड होतं, वाचलं. १९७६ मध्ये जपानकडून अमेरिकेला ५३ बोन्साय भेट आली, त्यात मासारू यामाकींनी हे दिलं. बॉम्बबद्दल अवाक्षर नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू आजोबांचं झाड बघायला आले, तेव्हा कुठे संग्रहालयाला कळलं.

कुंडीतल्या झाडाला रोज पाणी लागतं, उन्हाळ्यात कधी दोनदा. म्हणजे जवळपास चारशे वर्षांत इथं कुणाचंच क्रिकेट आडवं आलं नव्हतं.

चित्रीकरण वेळखाऊ. पाच-पाच सुयांचे झुबके वाऱ्यानं जरा हलले की फोकस गेला, मग थांबायचं. कॅमेरा कुंडीच्या काठाशी टेकवला, तेव्हा फाटक्या सालीचं ते खोड कड्यावरचं जुनं झाड वाटू लागलं. मी खूश. कच्चं संकलन घरी लेकीला दाखवलं. "बाबा, केवढं उंच आहे हे! वर चढता येतं?"

पाणी घालणाऱ्या माळ्याचा हात मध्ये आला म्हणून तेवढा तुकडा मीच कापला होता. तो परत जोडला. अकरा सेकंदांचा आहे.