ताटात बंद, अंगावर चालू

रत्नागिरी

मृणाल,

ओजसच्या इसबाने पुन्हा उचल खाल्ली म्हणून तू त्याचं दूध, अंडं, शेंगदाणे आणि मासे बंद केलेस, आणि वर मलाच विचारतेस की आणखी काय बंद करू? दोन वर्षांच्या पोराच्या ताटात आता वरण-भाताखेरीज उरलंय काय, ते आधी सांग. मासे बंद केल्याचं तुझ्या आईला कळलं की काय होईल, ते तुम्ही दोघी बघून घ्या. मला अस्वस्थ केलं ते तुझ्या पुढच्या वाक्याने. साबण नको म्हणून आंघोळीला बेसन आणि दुधाची साय चोळतेस. म्हणजे दूध तोंडाने बंद आणि फुटलेल्या कातडीवाटे चालू! याहून उलटा कारभार कुणी ठरवून केला नसता. कॉलेजात प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी मुलगी तू. मुलाच्या बाबतीत तो मागायला का विसरलीस?

इसब म्हणजे पोटातली उष्णता अंगावर फुटते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. तुझ्या सासूबाई तेच म्हणतात, त्यांचा दोष नाही. पण २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कातडीचा वरचा थर बळकट ठेवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच कमी बनतं, त्यांना इसबाचा धोका खूप वाढतो. सगळ्यांच्या इसबाचं कारण हे एकच नव्हे, पण कातडीतला ओलावा बाहेर उडतो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं, हे या दुखण्यात सगळीकडे दिसतं. कातडी सोडून ताटाला दोष देणं हा शाकारणी न करता पावसाला शिव्या देण्यातला प्रकार आहे. आणि जे अन्न तोंडावाटे पोटात जातं ते शरीर बहुधा आपलं म्हणून स्वीकारतं. तेच फाटक्या कातडीतून आत गेलं तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकू शकतं. लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित भरवले, निम्म्यांना त्यापासून दूर ठेवलं. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत शेकडा सुमारे १७ मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत शेकडा ३. भीतीपोटी टाळल्याने भीती खरी ठरू शकते, ती अशी.

तू म्हणशील, रक्ताच्या अहवालात दूध आणि अंडं दोन्ही आली आहेत. आली असतील. इसब असलेल्या मुलांच्या रक्तात अशा खुणा पुष्कळदा सापडतात. शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे एवढाच त्यांचा अर्थ. तो खाल्ल्याने त्रास होतोच, असा नव्हे. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर ती खरी ॲलर्जी. तिथे मीही तुझ्या बाजूने उभी राहीन. तुझी दुसरी हरकत, की दूध बंद केल्यावर आठवड्यात उतार पडला. पण इसबाचा स्वभावच चढण्या-उतरण्याचा. सगळ्यात जोर असतो तेव्हाच आपण काहीतरी बंद करतो, आणि त्यानंतर उतार बहुतेक वेळा पडणारच असतो. श्रेय मात्र दुधाला जातं आणि पोराची वाढ खुंटायची वेळ येते. तरीही घाईने सगळं परत सुरू करू नकोस. काही काळ बंद ठेवलेला पदार्थ पुन्हा देताना क्वचित जोराची ॲलर्जी उसळते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कर.

आता माझ्या मताविरुद्धचा पुरावाही मीच देते, नाहीतर तू शोधून काढशील. ब्रिटनमध्ये सुमारे १४०० निरोगी बाळांपैकी निम्म्यांच्या अंगाला वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावून पाहिलं. इसब काही टळलं नाही, असं २०२० साली जाहीर झालं. मान्य. पण तो प्रश्न इसब होऊ नये याचा होता. झालेल्या इसबात नियमित मॉइश्चरायझरने उठाव कमी होतात आणि स्टेरॉइडचं मलमही कमी लागतं, याला चांगला आधार आहे. तेव्हा तुमच्या नाशिकच्या थंडीत कढत पाण्याची बादली बंद. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बिनवासाचं सौम्य क्लेन्झर, तेही जरुरीपुरतं. पाण्यात जंतुनाशक नाही, बेसन नाही, साय नाही. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर सढळ हाताने लावायचं. चट्टे लाल होऊन खाजत असतील तर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलमही लावायचं. त्याने कातडी पातळ होते ही तुझी भीती हवेतली नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी तीन-तीन औषधांची मिश्र मलमं महिनोन्‌महिने चोपडून पुष्कळांनी आपली कातडी बिघडवून घेतली आहे. पण वयाला आणि जागेला साजेसं सौम्य मलम, फक्त चट्ट्यांवर, सांगितले तेवढेच दिवस, याचा धोका फार थोडा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती आपल्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. भीतभीत टिकलीएवढं लावलंस, तर दुखणं लांबतं आणि शेवटी मलम जास्तच जातं.

कारण शोधूच नकोस, असं मी म्हणत नाही. कातडी शांत झाल्यावर शोध, कारण फुटलेल्या कातडीला सगळंच झोंबतं. एक वही कर. चट्टा कुठे उठला ते आधी लिही. तोंडाभोवती असेल तर लाळेचा विचार कर, मानेवर असेल तर लोकरी स्वेटर किंवा घाम. नवा कपडे धुण्याचा साबण, वासाचं तेल, सर्दी-ताप, धूळ, शेजारच्यांची मांजर, हे सगळं तारखेसकट मांड. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि दोनेक आठवडे थांब. एकदा जुळलं तर तो योगायोग असू शकतो. तेच पुन्हा पुन्हा घडलं तर त्याला धर. आणि काहीच सापडलं नाही तर स्वतःला बोल लावू नकोस, कारण एकच एक गुन्हेगार पुष्कळदा नसतोच.

लिहिता लिहिता काळजी वाढलीच. नखं बारीक काप. चट्ट्यांतून लस वाहू लागली, पिवळट खपल्या धरल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुखणारे, एकसारखे बारीक फोड भराभर पसरले, अंगात ताप आला, तर रात्र काढू नकोस. तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याचं औषध लगेच सुरू करावं लागतं. ओठावर फोड आलेल्या पाहुण्यांना पोराची पापी घेऊ देऊ नकोस. कुणाला वाईट वाटलं तर माझं नाव सांग. मलमाच्या ट्यूबवरचं नाव मला आजच कळव, आणि साय कॉफीत घालून तूच पी.

तुझी,
मालूमावशी