कौलांचे पैसे

फोन हरवला की माणूस सगळ्यात आधी स्वतःलाच फोन लावतो. शेजारच्याचा फोन मागून घेतो, आपलाच नंबर दाबतो आणि जीव कानात आणून ऐकत राहतो. रिंग वाजते तोवर आशा असते. मग तो बंद लागतो. डोंबिवलीच्या फलाटावर, संध्याकाळच्या गर्दीत, माझा असा बंद लागला, आणि पैसे गेले हे मनात यायच्या आधी अण्णांचा आवाज गेला हे आलं.

अण्णा जाऊन आता बराच काळ झाला. गावाहून ते व्हॉइस मेसेज पाठवायचे, कारण चष्मा लावून टाइप करणं त्यांना नकोसं व्हायचं. बोलणं नेहमी एकाच गोष्टीपासून सुरू व्हायचं: विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या. आमची विहीर जांभ्याची, आत उतरायला पायऱ्या असलेली. उन्हाळा किती कडक आहे हे अण्णा तापमानात सांगत नसत, पायऱ्यांत सांगत. ‘आज पाचवी दिसायला लागली रे,’ असं म्हणून ते थोडं थांबायचे, आणि त्या थांबण्यात मागे रहाटाची करकर ऐकू यायची. फोटो पुढे ई-मेलच्या खात्यात सापडले, लोकांचे बरेचसे नंबरही. ते आवाज मात्र त्या फोनच्याच पोटात होते.

बाकीचे सोपस्कार लवकर उरकले. बँकेला कळवून यूपीआय बंद केलं. रेल्वे पोलिसांनी तक्रार लिहून घेताना आयएमईआय विचारला. प्रत्येक फोनचा तो १५ आकडी नंबर खोक्यावर चिकटवलेला असतो, आणि आमच्याकडे खोकी टाकून द्यायची पद्धत नसल्यानं तो माळ्यावर मिळाला. तक्रारीची प्रत आणि हा नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ या पोर्टलवर भरला की हरवलेला फोन सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद पडतो, पुढे त्यात कुणी सिम घातलं तर त्याचा माग पोलिसांना लागू शकतो. २०२३पासून ही सोय देशभर आहे आणि तिला एक पैसा पडत नाही. ती प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. एक अडचण तेवढी येते: त्याच नंबरचं नवं सिम सुरू झालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. आपल्या नावानं दुसऱ्याच कुणी सिम काढलं असेल तर त्याच्या हाती ओटीपी पडू नये, म्हणून ही खबरदारी. तेवढा वेळ आपण आपणच आहोत हे कुणालाही पटवता येत नाही.

घरी, ऑफिसात, सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: आजकाल फोनशिवाय चालतं का, हप्त्यावर घेऊन टाक. पैसे हप्त्याशिवायही होते. पण ते कौलांचे होते. राजापूरकडच्या आमच्या घरावर माकडं उड्या मारतात, कौलं फुटतात, सरकतात, आणि एका पावसाळ्याचं पाणी मुरलं की खालच्या रिपा आणि वासे कुजायला लागतात. मृगाच्या आत कौलं परतून घ्यायची, हे अण्णांनी जन्मभर पाळलं. ते पैसे एका काचेच्या तुकड्यात घालायचे आणि त्यांचं घर गळू द्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. अडचण आली की ती विकत घेऊन मिटवायची, ही सवय आपल्याला फार झपाट्यानं लागली आहे. थोडे दिवस अडचणीत राहून पाहायला कुणी तयारच नसतं.

कपाटाच्या खणात जुना बटणांचा फोन होता, बारीक पिनच्या चार्जरसह. बॅटरी फुगलेली होती. नवी स्टेशनबाहेरच्या टपरीवर थोडक्या पैशांत मिळाली. खर्च झाला तो एवढाच. सिम देणाऱ्या मुलीला मी म्हटलं, मोठ्या कडेनं तोडून द्या. त्या कार्डावर एकात एक अशा तीन मापांच्या खाचा असतात. तिनं आजवर सगळ्यांना आतलं, सगळ्यात लहान माप तोडून दिलं असावं. बाहेरच्या खाचेवर नख ठेवून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जपून तोडलं. सगळ्याच कंपन्यांचं सिम या फोनांत चालत नाही. ज्यांचं टू-जी अजून सुरू आहे त्यांचंच चालतं, आणि माझं चाललं.

या फोनमध्ये नंबर फार मावत नाहीत, म्हणून आईची टेलिफोन डायरी काढली. कडेला ए ते झेडच्या पायऱ्या कापलेली, रेक्झिनच्या वेष्टनातली. मुंबईच्या नंबरांचं एक पान मी किती तरी वेळ पाहत बसलो. नंबर सगळे निळ्या शाईत, आणि प्रत्येकाच्या आधी लाल शाईत, एकाखाली एक, लावलेला २. टेलिफोन खात्यानं आकडा वाढवला तेव्हा तिनं एका दुपारी बसून सगळ्यांच्या नावापुढे तो लावला असणार. यातल्या कित्येकांना ती वर्षानुवर्षं फोन करत नव्हती. तरी एकालाही वगळलेलं नाही. जी माणसं गेली त्यांच्याही नंबरांवर रेघ मारलेली नाही.

त्याच डायरीतून ताईचा घरचा नंबर लावला. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘थांब, ठेवू नकोस.’ मग तिच्या मोबाइलवरून, तिच्या घरच्या फोनच्या रिसीव्हरमधून, माझ्या या खरखरत्या फोनमध्ये अण्णा बोलायला लागले. ते मेसेज तिला पाठवलेले होते, मी कधीच न ऐकलेले. माझ्याशी ते विहिरीवर बोलत आणि तिच्याशी फणसांवर: कुठल्या झाडाला किती धरले, कापा कुठला, बरका कुठला, तिच्यासाठी राखून ठेवलेला कोणता. आपल्या वाट्याचे अण्णा वेगळे आणि ताईच्या वाट्याचे वेगळे, हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं. ती एकामागून एक लावत गेली, आणि मधे एकदा रडू आवरेना म्हणून नुसतीच थांबली. मीही काही बोललो नाही. मग पुढचा लावला.

आता रोज रात्री जेवणं झाली की ती एक लावते. कित्येक वर्षांचे आहेत, तिनं एकही पुसलेला नाही.

आईची डायरी आता मी वापरतो. एसचं पान भरलं आहे, म्हणून गावच्या सुताराचा नंबर एक्सच्या पानावर लिहिला. ते पान कोरंच होतं. काल त्याच्याशी बोलणं झालं. दोन वासे बदलावे लागतील म्हणतो, रिपा मोजून सांगेन, आणि कौलं आत्ताच उतरवून ठेवा, पुढच्या आठवड्यात माणसं मिळतील.